कपाटातल्या साड्या आणि घराण्यातली शुगर

"आमच्या घराण्यातच शुगर आहे, कुणाला चुकली नाही बाई!" हे वाक्य पोखर्णीत बचत गटाच्या बैठकीत ऐका की नृसिंहाच्या दर्शनाच्या रांगेत, कानावर पडतंच. अनुवंश असतो, हे खरंच. पण सगळं त्याच्यावर ढकलून आपण हात झटकायचे का?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा असतो. तो प्रथिनांच्या बारीक रिळांवर गुंडाळलेला असतो. या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. धाग्यावर जनुकं असतात, म्हणजे शरीराला लागणारी प्रथिनं कशी बनवायची याच्या कृती. आता आपलं कपाट आठवा. साड्या पन्नास असल्या तरी हाताशी असतात त्याच नेसल्या जातात. तळाशी घट्ट घडी घातलेल्या तशाच पडून राहतात. जनुकांचंही तसंच. गुंडाळी सैल असते तिथलं जनुक कामाला लागतं, घट्ट असते तिथलं गप्प बसतं. इन्शुलिनचं जनुक डोळ्याच्या पेशीतही असतं, पण इन्शुलिन बनतं ते स्वादुपिंडातच!

कुठली घडी उघडायची, कुठली मिटायची, यासाठी धाग्यावर रासायनिक खुणा असतात. त्या खुणांसाठी फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं लागतात. म्हणजे ताटातल्या अन्नाचा संबंध थेट जनुकांशी! हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली. तेव्हा गर्भाच्या सुरुवातीच्या दिवसांत असलेल्या माणसांच्या एका वाढीच्या जनुकावरच्या खुणा साठ वर्षांनंतरही वेगळ्या दिसल्या.

आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा अभ्यास सुरू केला. बाळं सरासरी २.७ किलोची, दिसायला हडकुळी. पण इंग्लंडच्या बाळांशी ताडून पाहिलं तर अंगात चरबी त्या मानाने जास्त. निम्म्याहून अधिक आयांमध्ये बी-१२ कमी. ज्या आयांत फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्शुलिनला नीट दाद देत नव्हतं. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते. यामागे जनुकांवरच्या खुणांचा हात असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

फोलेट आपल्याला हिरव्या पालेभाज्यांतून, डाळींतून मिळतं. बी-१२ मात्र भाकरी-भाजीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. दूध डेअरीला, अंडं मुलाला आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं सुनेला, ही रीत चालू राहिली तर तिला ते मिळणार कुठून? गरोदरपणात दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या बंद करू नका. बी-१२ तपासायचं का, हेही डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. गर्भ राहिल्याचं कळेपर्यंत काही आठवडे उलटलेले असतात. म्हणून तयारी डोहाळजेवणापासून नको, मुलगी वयात येते तेव्हापासून हवी. बाळ अशक्त निघालं म्हणून सुनेला बोल लावणंही आता पुरे. तिच्या वाट्याला काय आलं, ते आधी बघू या. आज रात्री लेकी-सुनांना सगळ्यांच्या बरोबरीने पंगतीला बसवा, आणि दह्याची वाटी त्यांच्याही ताटात वाढा.