शेवट आधीच ठाऊक होता!

२२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली तीच अण्णा नाईकांच्या मृत्यूने. २०१९च्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला आणि त्याच अण्णांना (माधव अभ्यंकर) जिवंत समोर आणले. म्हणजे शेवट पहिल्या भागापासूनच उघड. ‘मारले कोणी?’ हा प्रश्न मागे पडला; ‘या घरावर ही वेळ का आली?’ हा पुढे आला. मला मालिकेतली ही सर्वांत धीट निवड वाटते.

कोरगावात, गोव्याच्या पेडण्यातल्या कुठल्याही गावात, प्रेक्षकाला ही रीत नवी नाही. दशावतारात आधी संकासुर येतो, मग आख्यान रंगते, पहाटे दहीकाल्याची हंडी फुटते. ती फुटणार हे पोरासोरांनाही माहीत. तरी मांडावर माणसे रात्रभर बसून राहतात.

भुताच्या भीतीआड खरी गोष्ट आहे ती जमिनीच्या आणि बाईच्या हव्यासाची. अण्णांची बायको माई बोलते कमी, सोसते फार. अण्णांची प्रेयसी शेवंता हिचे दुःख मात्र मेल्यावरही बोलत राहते.

नाईकांचा गडी पांडू याच्याकडे नीट बघा. तो ‘इसारलंय’ (विसरलो) म्हणाला की आपण हसतो, पण वाड्यातले बरेच काही त्याने पाहिलेले असते. ही भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकीच एक.

चित्रीकरणाचे गाव : आकेरी, सावंतवाडीजवळ. बोली मालवणी, पेडणेकरांच्या कानाला घरचीच.