आखाड्यातला टेपर

मल्लखांबाची प्रात्यक्षिकं पाहताना बहुतेकांची नजर खेळाडूवर असते. माझी खांबावर जाते. पस्तीस वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये काढल्यावर दुसरं काय होणार? समोर कुठलीही गोलाई आली की हात आपोआप कॅलिपर शोधतो. आणि भोसरी हे गाव मुळात पैलवानांचं. कारखाने १९६०च्या दशकात आले, तालमी त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या. सकाळी लाल मातीत आणि आठ वाजता पंच मशिनवर, असे सोबती मी पुष्कळ पाहिले. तरी ह्या दोन जगांतली सामग्री एकमेकांशेजारी ठेवून तपासावी असं कुणाला वाटल्याचं दिसलं नाही. हा लेख त्या तपासणीचा आहे.

सुरुवात मापांनी करतो. सध्या वापरात असलेला पुरलेला मल्लखांब जमिनीवर साधारण २६० सेंटीमीटर उंच असतो. बुडाशी घेर ५५ सेंटीमीटरच्या आसपास, वर निमुळता होत ३५पर्यंत. त्यावर बारीक मान आणि मानेवर बोंड. घेराचा व्यास केला तर बुडाशी साडेसतरा आणि वर अकरा सेंटीमीटर येतो. म्हणजे २६० सेंटीमीटरमध्ये व्यास सुमारे साडेसहा सेंटीमीटरनं कमी झाला. आमच्या भाषेत हा चाळीसला एक टेपर. मशिनशॉपमधल्या माणसाच्या भुवया इथं वर जातील, कारण आपण रोज ठोकतो ती टेपर पिन पन्नासला एक असते, आणि ड्रिलच्या शँकचा मोर्स टेपर जवळपास वीसला एक. दोन्ही आपापल्या जागी स्वतःच्या घर्षणानं घट्ट बसतात. मल्लखांबाचा उतार नेमका ह्या दोघांच्या मधला.

आता हा उतार करतो काय ते पाहा. खेळाडूनं मांड्यांनी अढी घातली आणि पकड थोडी सैल झाली, तर तो खाली घसरतो. पण ४० सेंटीमीटर खाली येईपर्यंत खांब एक सेंटीमीटरनं जाड झालेला असतो आणि घेर तीन सेंटीमीटरनं वाढलेला असतो. पायांचा वेढा तेवढाच, त्यात मावणारा खांब मात्र मोठा. पकड आपोआप आवळते. सरळ नळकांड्यावर हे होणार नाही. तिथं एकदा सुटलं की थेट जमिनीवर. उलट, वर जाताना खांब बारीक होतो तो हाताच्या पंजाला आणि बगलेला सोयीचा होत जातो. जिथं मांडी काम करते तिथं जाडी, जिथं तळवा काम करतो तिथं बारकावा. मान पावलांच्या आणि हातांच्या पकडीसाठी, आणि बोंड त्यावर उभं राहायला, आसन करायला.

ही रचना कुणाची? खांबाशी झटण्याची कल्पना जुनी आहे; कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. पण आजच्या मल्लखांबाचं श्रेय दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांना दिलं जातं. बाजीरावांची पुण्यातली कारकीर्द १७९६ ते १८१८. परंपरेनं सांगितली जाणारी हकिगत अशी, की निजामाकडून अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य पैलवान पेशव्यांच्या दरबारी आव्हान घेऊन आले. देवधर तेव्हा कोवळे तरुण. त्यांनी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन राहिले, तिथं खांबावर सराव केला आणि परत येऊन गुलाबला हरवलं. अलीनं मग कुस्तीच घेतली नाही. वानरांच्या उड्या पाहून त्यांना कल्पना सुचली, असाही ह्या गोष्टीचा एक पाठ आहे. त्यातला दैवी भाग ज्यानं त्यानं ठरवावा. मला त्यातली अडचण खरी वाटते: आपल्याहून जड माणसाशी लढायचं, आणि सरावाला तेवढा जड माणूस उपलब्ध नाही. मग न थकणारा, न हलणारा, कितीही वेळा धरला तरी कुरकुर न करणारा प्रतिस्पर्धी जमिनीत पुरला. खांबावरच्या कितीतरी पकडी कुस्तीतल्याच आहेत.

एरंडेलाचं कोडंही इथंच सोडवून टाकू. पकड हवी तर खांबाला तेल कशाला? कारण उघडी कातडी कोरड्या लाकडावर वेगानं फिरली तर सोलून निघते. पातळ तेल लावलं तर पकड पार जाईल. एरंडेल इतर खाद्यतेलांच्या कितीतरी पट दाट. दाबाखाली त्याचा थर सहज पिळून निघत नाही. ह्या गुणाची किंमत मोटारवाल्यांनाही कळली होती. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांत एरंडेल वापरत आणि ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव एरंडेलाच्या ‘कॅस्टर’वरूनच आलं आहे. चाकणच्या रस्त्यावर त्या नावाच्या पाट्या वाचणाऱ्या किती जणांना तालमीतली तेलाची वाटी आठवत असेल?

हे सगळं मला बारकाईनं पाहावं लागलं ते एका विचारणेमुळे. चाकणकडच्या एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी विचारलं, सागाचा एवढा सरळ, गाठी नसलेला ओंडका परवडत नाही. तुम्ही पोलादी पाइपचा मल्लखांब करून द्याल का? निमुळता पोलादी खांब करणं अवघड नाही. रस्त्यावरचे दिव्यांचे खांब पत्रा वाकवून तसेच करतात. पण मी नाही म्हणालो, आणि त्याची कारणं त्यांना कागदावर लिहून दिली. पोलाद लाकडाच्या शेकडो पट वेगानं उष्णता वाहून नेतं. डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी उघड्या मांडीला ते सोसणार नाही. लाकूड थोडं तेल पितं आणि पृष्ठभागावर जेमतेम ओल ठेवतं. पोलाद काहीच पीत नाही, सगळं तेल वर तरंगत राहतं. तिसरं, खेळाडू आडवा ताठ झाला की खांब किंचित लवतो आणि धक्का खाऊन टाकतो. साग किंवा शिसव हे केवळ परंपरेनं आलेलं नाही.

मग मी काय सुचवलं? लाकूड ठेवा, लोखंड खाली घाला. ओंडका जमिनीत पुरला की वाळवी आणि ओल बुडालाच खातात. त्याऐवजी बूड पोलादी खोबणीत बसवून ती खोबणी काँक्रीटमध्ये धरली, तर खांब काढता येतो, फिरवता येतो, आणि पुरायला लागणारी लांबी वाचल्यानं ओंडकाही आखूड चालतो. ओंडका लेथवर चढवणं हा वेगळाच प्रकार होता. टेलस्टॉक सरकवून हा टेपर काढायचा तर मध्यापासून ३२ मिलिमीटर सरकवावा लागतो. आमच्या लेथला ते झेपेना. शेवटी खेडच्या एका सुतारानं तो तासणी आणि रंध्यानं उतरवला. मी दर हातभर अंतरावर घेर मोजत होतो. त्याला मोजमापाची गरज पडली नाही, तळवा फिरवून तो फुगवटा सांगायचा.

तालमीतली बाकीची हत्यारंही ह्याच डोक्याची आहेत. मुद्गल घ्या. पाच किलोच्या मुद्गलाचा भार मुठीपासून ४५ सेंटीमीटरवर असेल तर मनगटावर सुमारे २२ न्यूटनमीटर पीळ येतो. मूठ वर सरकवून ते अंतर ३० केलं की पीळ १५वर उतरतो. वजन तेच, हत्यार तेच, नवशिक्या आणि वस्ताद दोघांनाही चालतं. आधुनिक व्यायामशाळेत ह्याच कामासाठी लोखंडी चकत्यांची रांग लागते. हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर भार बदलला पाहिजे, हे ओळखून अमेरिकेत आर्थर जोन्स यांनी १९७०मध्ये ‘नॉटिलस’ यंत्रात शंखाच्या आकाराची कॅम बसवली आणि जिमचा धंदाच बदलला. फिरत्या मुद्गलाचा पीळ प्रत्येक कोनात वेगळा असतोच; मात्र तो कोणत्या कोनात किती असावा हे जोन्स यांनी ठरवलं, मुद्गल ते ठरवू देत नाही. हा फरक मान्य करायला हवा, नाहीतर ‘आमच्याकडे सगळं होतंच’ हा आपला आवडता सूर लागतो.

ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मुद्गल हिंदुस्थानात पाहिले आणि ते ‘इंडियन क्लब’ होऊन परदेशी गेले. डोनाल्ड वॉकर यांचं पुस्तक १८३४चं, न्यूयॉर्कच्या सिम किहो यांचं १८६६चं. १९०४ आणि १९३२च्या ऑलिम्पिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धाही झाली. लेझीमचा प्रवास उलट दिशेचा. मूळ फारसी लेझम म्हणजे तिरंदाजाचं सरावाचं नरम धनुष्य. आपल्याकडे दोरीच्या जागी लोखंडी साखळी आणि चकत्या लागल्या, पुढं लाकडी दांड्याची हलकी लेझीम आली, आणि व्यायामाचं हत्यार मिरवणुकीतलं वाद्य झालं. आज ती हातात घेणाऱ्या मुलांना ती खांद्याच्या व्यायामासाठी होती हे सांगावं लागतं.

मल्लखांबाचा सर्वांत हुशार बदल मात्र टंचाईतून झाला. पूर्वी वेताचा मल्लखांब असे, छतापासून लोंबणारा लांब वेत. तसा वेत मिळेनासा झाला तशी सुती दोरी आली. वेत ताठ, दोरी लुळी. म्हणून सगळं तंत्र गाठ न मारता वेढे देण्यावर आलं. घर्षणाचं गणित असं, की ०.३ घर्षणांकाला एक पूर्ण वेढा ताण साडेसहा पट पेलतो आणि दोन वेढे चाळीस पटींहून जास्त. म्हणून पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरलेली दोरी अख्खं शरीर तोलते. स्पर्धांमध्ये हा प्रकार बराच काळ प्रामुख्यानं मुलींचा राहिला. त्या शाळेत खांब उभा राहायला पावसाळा उलटला. तोवर मुलींनी शेडच्या गर्डरला कडी लावून साडेपाच मीटर दोरी बांधली होती. मी फक्त त्या कडीत एक फिरती कडी घातली, दोरीला पीळ बसू नये म्हणून.