मिठाचे पाणी: एक औषध, एक घातक



आमची नोकरी रास अल खैरला, बिऱ्हाड जुबैलला. मागच्या उन्हाळ्यात चिरंजीवांना जुलाब झाले. मीठ-साखरेचे पाणी पाजत होतो, तेव्हा त्याने विचारले, "बाबा, समुद्राचं पाणीपण खारट. मग ते का नाही द्यायचं?" आम्ही पडलो संगणकवाले! बारावीनंतर विसरलेले जीवशास्त्र पुन्हा वाचले, ते थोडक्यात मांडतो.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती जेमतेम 7 नॅनोमीटर जाडीचे पटल असते. त्यात मेदाच्या रेणूंचे दोन थर असतात. रेणूच्या डोक्याला पाणी आवडते, शेपट्यांना नाही. म्हणून डोकी दोन्ही बाजूंना पाण्याकडे आणि शेपट्या आत, एकमेकींकडे. हे पटल भिंतीसारखे कडक नसते. मेद वाहता असतो आणि त्यात प्रथिने तरंगतात, असे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी 1972 मध्ये मांडले. ही प्रथिने म्हणजे पेशीचे दरवाजे. अ‍ॅक्वापोरिन हा खास पाण्याचा दरवाजा, मिठाला तिथे प्रवेश नाही. तो शोधणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 चे नोबेल मिळाले.

आता कैरीचे लोणचे आठवा. फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, कारण पाणी जास्त मिठाकडे ओढले जाते. आखातात लिटरमागे 40 ग्रॅमच्या आसपास क्षार आहेत. इतके खारट पाणी प्यालो तर पेशींतले पाणी बाहेर येते. मूत्रपिंडही एवढी खारट लघवी करू शकत नाही, त्यामुळे मीठ टाकायला शरीरातलेच पाणी खर्च होते.

इथल्या प्रकल्पात (2014 पासून) समुद्राचे काही पाणी उकळून गोडे करतात, तर काही कृत्रिम पटलातून काढतात. तिथे पंपाने प्रचंड दाब देऊन पाण्याला उलट्या दिशेने जायला भाग पाडतात. मीठ मागे राहते.

मग जुलाबात मीठ का? आतड्याच्या पेशींच्या पटलात एक प्रथिन आहे. ते मीठातले सोडियम आणि साखरेतले ग्लुकोज जोडीनेच आत घेते आणि मागोमाग पाणी येते. म्हणून मापाला महत्त्व: 1 लिटर स्वच्छ पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. "थोडं जास्त घालू" म्हणून मीठ वाढवू नका, नाहीतर लोणच्याची गत! मूल सुस्त वाटले किंवा लघवी कमी झाली, तर थेट डॉक्टरांकडे.

चिरंजीव आता ठणठणीत आहेत. प्रश्न मात्र थांबलेले नाहीत!