परतीचा गठ्ठा

सकाळी 7.10
अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गावाचं नाव छापू नका, असं भाऊंनी आधीच बजावलंय. वाचनालयाचं शटर अर्ध्यावर अडकतं. भाऊ खांदा लावतात. मग झाडू, मग ओलं फडकं, मग माठात पाणी. एप्रिल संपत आलाय. या वेळेलाच भिंत कोमट लागते. भाऊंचा हुद्दा शिपायाचा. काम शिपायाचं, ग्रंथपालाचं आणि बाइंडरचं. पगार एकाचाच, 6,500. तोही अनुदानाचा हप्ता आला की. हप्ते वर्षाला दोन.

7.30
पेपर येतात. 'देशोन्नती', 'लोकमत', 'सकाळ', अमरावतीचा 'हिंदुस्थान'. बाहेर अभ्यासिकेची पोरं ताटकळलेली. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. महिन्याचे 200 रुपये देतात, खुर्ची पकडतात. कपाटांकडे कोणी फिरकत नाही. "कादंबरी हातात दिसली का घरचे म्हनतात, पोट्ट्यानं अभ्यास सोडला," भाऊ सांगतात. तक्रार नाही. विजेचं बिल याच पोरांच्या पैशातून भागतं.

8.30
देवघेव सुरू. भाऊंच्या टेबलाशी मी स्टूल ओढून बसलो ते यासाठीच. गावात म्हणतात, भाऊंनी दिलेलं पुस्तक वाचूनच होतं.

पुस्तक परत आलं की भाऊ "कसं वाटलं?" असं विचारत नाहीत. "इचारलं का सारेच चांगलं म्हनतात." ते पुस्तक पाठीवर उभं धरतात आणि सोडून देतात. ते कुठे उघडतं ते बघतात. मग पानं अंगठ्याखालून सरसर जाऊ देतात. पान 38 वर एसटीचं तिकीट, पुढची पानं कोरी करकरीत. म्हणजे वाचक तिथेच उतरला. दोनशेव्या पानावर हळदीचं बोट असेल, तर भाजी फोडणीला टाकतानाही पुस्तक खाली ठेववलं नाही. हळदीच्या डागाचा दंड भाऊ घेत नाहीत. नियमात आहे, पण घेत नाहीत.

8.50
एक अंगणवाडी सेविका 'ययाति' परत करते. साठाव्या पानाच्या आसपास आगपेटीची काडी.
"झालं वाचून, भाऊ."
"झालं नं? बरं." भाऊ काडी काढून खिशात टाकतात. पुलंचं 'व्यक्ती आणि वल्ली' पुढे करतात. "हे घ्या ताई. रोज एक मानूस वाचाचा आन् झोपाचं."
ती गेल्यावर माझ्याकडे वळतात. "रात्री अकराले तिचे रजिस्टरं भरून होतात. त्याच्यानंतर कोनाच्यानं वाचवंल चारशे पानं?"

9.40
एम.ए.चा मुलगा. चार कथा लिहून झाल्यात. मोबाइलवर यादी: काफ्का, मार्केझ, मुराकामी. यातलं काय आहे? काफ्काचं एक भाषांतर आहे, वरच्या फळीवर. भाऊ शिडी लावत नाहीत. उद्धव शेळक्यांचं 'धग' काढतात. 1960 सालचं.
"हे पह्यले. यातली कौतिक तुह्या मायसारखी बोलते."
"काका, मले लिहाचं आहे, म्हनून जगातलं..."
"लिहाचं आहे म्हनूनच. पह्यल्या वाचनात वही घेऊ नको. दुसऱ्यांदा वाचशीन तवा घेजो. त्याच्यानंतर 'माणूस' देतो, तल्हारांचं, सायकलरिक्षावाल्याचं. मंग चढतो शिडीवर."
मुलगा थोडा हिरमुसून सही करतो. लेखन कार्यशाळांना मी पैसे भरून गेलोय. वही कधी घ्यायची हे तिथे कोणी सांगितलं नव्हतं.

11.15
शटर खाली. दुपारच्या बंद वेळात घरी बांधणी. एका पुस्तकामागे 30 रुपये, वाचनालयाकडून. शाळांच्या रजिस्टरांचे जास्त मिळतात, म्हणून आधी ती. मग 'मृत्युंजय'. तिसऱ्यांदा आलंय. भाऊ पाठीवरची जुनी खळ ओल्या चिंधीने भिजवतात, नखाने खरवडतात, फर्मे सुटे करतात. दाभणाने भोकं. दोऱ्याला मेण. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचुदाचा हात धुतल्याशिवाय घरातल्या कशालाच लावायचा नाही, ही बायकोची सक्त ताकीद. शिवून झालं की दोन पाट्यांमध्ये पुस्तक, वर वरवंटा. शिकंजा घ्यायचा आहे. दहा वर्षांपासून घ्यायचा आहे.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 चा. 'मृत्युंजय'ही त्याच वर्षीचं. "कायद्याची पाठ शाबूत आहे," भाऊ म्हणतात. "कोनी उघडतच नाई."

दुपारी 4.00
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी. राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून पुस्तकांचा गठ्ठा आलेला. दाखल नोंदवहीत एकेक चढवायचं, शिक्का मारायचा, कार्डाचा खिसा चिकटवायचा. एका पुस्तकाला सहा-सात मिनिटं. नव्वद पुस्तकं आहेत.

5.30
बाजाराचा दिवस. खेड्यातले वाचक आज येतात, पिशवीत वांगी आणि खाली पुस्तक. 'ग्रामगीते'च्या तिन्ही प्रती बाहेर आहेत. एका शेतकऱ्याला भाऊंनी मागे सदानंद देशमुखांचं 'बारोमास' दिलं होतं, साहित्य अकादमी मिळालेलं. दुसऱ्या बाजाराला परत. "हे तं मले पाठ आहे, भाऊ. दुसरं द्या." तेव्हापासून त्याला बाबूराव अर्नाळकर. आज दोन नेले. पानं पूर्ण मळलेली येतात.
"माहाच सल्ला चुकला होता," भाऊ म्हणतात. पुढे काही बोलत नाहीत.

7.40
आवराआवर. दंडाचे 14 रुपये डब्यात. परतीचा गठ्ठा शेवटचा चाळायचा. एका कादंबरीशी बोट थांबतं. चार पानं फाडलेली, मुळापासून. दाखल क्रमांक बघितला की कोणाकडून आलं ते कळेल. भाऊ बघत नाहीत. विचारलं तर तो माणूस पुन्हा येणार नाही. पुस्तक बांधणीच्या थप्पीवर.
"अकोल्यात भेटते याची प्रत. बाबूजी देशमुख वाचनालयात पाहा लागन. झेरॉक्स मारून आनतो, चिटकवतो."
"अन् जायचं-यायचं भाडं?"
"बायकोले पाठवतो," शटर ओढता ओढता भाऊ म्हणतात. "तिले हाफ तिकीट लागते."