दहा आणे वाऱ्याला

जुलैच्या अखेरीस पावसाने जरा उघडीप दिली की आंजर्ल्याच्या खाडीकाठी थिनरचा वास सुटतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून हर्णैच्या कितीतरी होड्या इथे आसऱ्याला आलेल्या असतात. बंदी उठायच्या आत त्यांच्या खरचटलेल्या कडांना रंग लागायला हवा. एका होडीचा तरुण तांडेल, म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या, रंगाची छोटी बंदूक घेणार आणि त्यावरून रंगाऱ्याशी त्याची जुंपली आहे, असं कळलं, म्हणून मी गेलो.

रंगारी साठीचा. ब्रश न थांबवता म्हणाला, "घे की. पण रुपयातले दहा आणे रंग वारा नेतो, तेवढं धर हिशेबात."

आकडा हवेतला वाटला, पण नाही. कॉम्प्रेसरच्या साध्या बंदुकीत जोराची हवा रंग फोडते आणि निम्म्याहून जास्त रंग धुकं होऊन उडून जातो. त्यावरचा उपाय म्हणजे एचव्हीएलपी बंदूक : हवा भरपूर, दाब कमी, तोंडाशी १० पीएसआयच्या आत. अशा बंदुकीने शंभरातले ६५ भाग तरी रंग चिकटावा अशी अपेक्षा असते. म्हणजे दहा आणे होडीला आणि सहा आणे वाऱ्याला. अर्थात हे बंद शेडमधलं गणित. खाडीवर दुपारचा वारा सुटला की ते कोण पाळणार? एअरलेस यंत्राचा तर इथे विषयच नको. हजारो पीएसआयचा तो दाब रंग थेट कातडीखाली घुसवू शकतो, आणि काम तर हातभर ओरखड्याचं.

तांडेलाने मोबाइलवर दाखवलेली विजेची हातबंदूक स्वस्त होती. मी विचारलं, नोझल किती? त्याने ते पाहिलंच नव्हतं. खरी मेख तिथेच आहे. नोंदणी क्रमांकाची अक्षरं, पातळ इनॅमल यांना एक मिलिमीटरच्या आसपासचं नोझल पुरतं. इपॉक्सी प्रायमर दाट असतो, त्याला दोनच्या जवळ जावं लागतं. नोझल बारीक पडलं की बंदूक थुंकते, मग माणूस थिनर ओततो, आणि होडीच्या उभ्या अंगावरून रंग ओघळतो. पाण्याखालच्या भागाचा तांबेयुक्त रंग फवारायचाच नाही, रोलरनेच लावायचा. शेवाळ आणि शिंपल्यांना मारण्यासाठीच तो बनवलेला आहे. याच कामाचा टीबीटीचा (ट्रायब्यूटिल टिनचा) रंग तर २००८पासून आंतरराष्ट्रीय करारानेच बंद झाला.

माझं लक्ष मात्र सारखं रंगाऱ्याच्या उलट्या हाताकडे जात होतं. प्रत्येक पट्ट्याआधी तो हाताची मागची बाजू फायबरला टेकवी, थांबे, मग ठरवी. पृष्ठभाग दवबिंदूच्या निदान तीन अंश वर हवा, असं रंगाच्या डब्यांसोबतच्या माहितीपत्रकांत सांगितलेलं असतं. तो म्हणाला, "गार लागली की थांबायचं." गारठलेल्या अंगावर फवारलेला रंग पांढुरका पडतो. बंदूक कितीही भारी असो, ते चुकत नाही.

"काका, पण चकाकी येते ना बंदुकीने?" तांडेलाने विचारलं.

येते. ब्रशच्या रेघा राहत नाहीत, हे खरंच. पण तळहाताएवढ्या डागासाठी भोवती कागद चिकटवण्यातच अर्धी सकाळ जाते आणि शेजारच्या होडीवर ठिपके उडतात ते वेगळेच. अख्खी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं तोंड, रंगवायची असेल तर बंदूक घ्यावी, एरवी ब्रश आणि फोमचा रोलर, असं माझं मत झालं.

चकाकीबद्दल सगळे बोलतात. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन फवारला की त्यातलं आयसोसायनेट छातीत जातं आणि दमा जडू शकतो, हे मात्र कुणी काढत नाही. वारा नेतो तो रंग आधी रंगाऱ्याच्या तोंडावरून जातो. त्याच्या तोंडाला गमछा होता. गमछ्याने धूळ अडते, ही वाफ नाही. साधा कापडी मास्कही तिथे निरुपयोगी.

अखेर तांडेलाने १.८च्या नोझलची एचव्हीएलपी बंदूक घ्यायचं ठरवलं, पॉलियुरेथेनसाठी नाही, फक्त प्रायमरसाठी. वाफ अडवणाऱ्या काडतुसाच्या मास्कचं मी विचारलं. तो म्हणाला, दापोलीला पुढच्या खेपेला बघू. रंगारी तोवर पुढच्या होडीला हात टेकवून उभा होता. तिथे अजून गारच होती.