ऋतू आणि देह – ९ : पांढरं दव आणि वाफवलेली नासपती

गेल्या आठवड्यात आपण चिनी वैद्यकातला उन्हाळा पाहिला. हिवाळ्यात उसळणाऱ्या दम्यासाठी ऐन उकाड्यात पाठीवर औषधी लेप लावण्याची रीत समजून घेतली. आज वळू या शरदाकडे.

सूर्याच्या वार्षिक मार्गाचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस टप्पे ही चिनी कालगणना. २०१६ साली युनेस्कोने तिची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. तिच्या हिशेबाने शरद ७-८ ऑगस्टलाच लागतो, पण तेव्हा घामाच्या धारा चालूच असतात. अंगाला ऋतू कळतो तो महिन्याभराने, ‘बाइलू’ म्हणजे ‘पांढरं दव’ या टप्प्यावर. पहाटे गवत ओलं दिसू लागलं की उघड्या अंगाने राहू नये, असं वडीलधारी माणसं सांगतात.

बीजिंगकडचा बहुतेक पाऊस जुलै-ऑगस्टमध्येच पडून जातो. मग वायव्येचे कोरडे वारे सुटतात. ओठ फुटतात, घसा खवखवतो, कातडी ताणल्यासारखी होते, कफ न सुटणारा खोकला लागतो. वैद्य याचा दोष ‘कोरडेपणा’ला देतात आणि त्याचा पहिला घाव फुप्फुसावर बसतो असं मानतात. मात्र त्यांचं ‘फुप्फुस’ शरीररचनाशास्त्रातल्या अवयवापेक्षा बरंच मोठं आहे. श्वास, नाक, त्वचा, अंगावरची लव हे सगळं त्याच्या अमलाखाली येतं आणि मोठं आतडं त्याचं जोडीदार. म्हणून सुका खोकला आणि शरदातला मलावरोध वैद्य एकाच सूत्रात ओवतो. दुःख ही भावनाही याच फुप्फुसाची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात ऋतुचर्येचं स्वतंत्र प्रकरण आहे. शरदात लवकर निजावं, कोंबड्याबरोबर उठावं आणि मन शांत ठेवावं, असा त्याचा सल्ला.

घरातला उपाय साधा. नासपतीचा वरचा भाग टोपीसारखा कापायचा, बियांचा गाभा कोरायचा, पोकळीत खडीसाखर घालून टोपी परत बसवायची आणि फळ मऊ होईपर्यंत वाफवायचं. सुटलेल्या रसासह ते कोमट खायचं. लिलीचे कंद, कमळकाकडी आणि झालरीसारखी पांढरी अळिंबी हे या दिवसांतले इतर पदार्थ. पांढरा हा फुप्फुसाचाच रंग मानला जातो. वैद्य आणखी एक बारकावा पाहतात: शरदाच्या सुरुवातीचा कोरडेपणा उष्ण, उत्तरार्धातला थंड. म्हणून आधी थंडावा देणाऱ्या वस्तू आणि पुढे आलं, कांद्याची पात यांसारख्या उबदार.

आता आपला शरद आठवा. पावसाळा सरतो, ऑक्टोबरचं ऊन एकदम तापतं. आयुर्वेद म्हणतो, पावसाळ्यात साठलेलं पित्त आता उसळतं. म्हणून कडू, गोड, हलकं खा, तूप घ्या, दही टाळा. एकाच ऋतूत बीजिंगचा वैद्य फुप्फुसाकडे बघतो आणि आपला वैद्य पित्ताकडे, कारण दोघांच्या डोक्यावरचं आभाळ वेगळं आहे. मला यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. चिनी पथ्यांची यादी जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. उचलावी ती हवेकडे आणि स्वतःच्या अंगाकडे रोज लक्ष देण्याची सवय.

या संकल्पना आधुनिक शरीरशास्त्राशी एकास एक जुळत नाहीत. वाफवलेल्या नासपतीने कोरड्या घशाला आराम पडतो, रोग बरा होत नाही. मधुमेह असेल तर खडीसाखर वगळा. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन क्षयाची तपासणी करून घ्या.

या आठवड्यात एवढंच करा. सकाळी खिडकी उघडल्यावर हवा दमट आहे की कोरडी, आणि त्या दिवशी घसा, त्वचा, पोट काय म्हणतं, हे सात दिवस वहीत लिहून ठेवा. पुढच्या भागात हिवाळ्याकडे जाताना ही वही आपल्याला उपयोगी पडेल.