वालाचा मोड आणि डोंगराचा उतार

घरी बिरडे करायचे ठरले की आदल्या दिवशी वाल भिजत पडतात. रात्रभर भिजलेले वाल उपसून फडक्यात बांधले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना पांढरेशुभ्र मोड येतात. महाड-पोलादपूरच्या बाजूला हे सांगायलाच नको. तिथे कडवे वाल शेतातलेच असतात. पुढच्या वेळी सोलायला बसण्यापूर्वी त्यांतले पंचवीस-तीस वाल मागून घ्या. त्या मोडांना काही प्रश्न विचारायचे आहेत, आणि त्या प्रश्नांची उत्तरे थेट डोंगरापर्यंत जाऊन पोचतात.

काचेचा एक रुंद पेला किंवा बरणी घ्या. तिच्या आतल्या बाजूने ओला टीपकागद लावा आणि मध्ये ओला कापूस भरा. काच आणि टीपकागद यांच्यामध्ये मोड आलेले सहा वाल अडकवा. मोड खाली जाऊ द्या. ते बोटाच्या पेराएवढे लांब झाले की बरणी आडवी करून अंधाऱ्या जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. आडव्या झालेल्या मुळांची टोके पुन्हा जमिनीकडे वळलेली दिसतील. बरणी पुन्हा फिरवा, टोके पुन्हा वळतील. या गुणाला गुरुत्वानुवर्तन म्हणतात.

मुळाला ‘खाली’ कोणती बाजू हे कळते कसे? नव्या ब्लेडने (मोठ्या माणसाला जवळ बसवून) सहा मुळांची अगदी टोके, एक मिलिमीटरभरच, छाटून टाका. दुसरी सहा मुळे तशीच ठेवा. दोन्ही संच आडवे करा. छाटलेली मुळे वाढत राहतात, पण सरळ आडवीच वाढतात. त्यांना दिशा उमगत नाही. एक-दोन दिवसांनी नवे टोक तयार झाले की ती पुन्हा वळू लागतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी असेच प्रयोग करून १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. मुळाच्या टोकावर जे टोपण असते त्याच्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवे झाले की हे कण पेशीच्या नव्या तळाशी जाऊन बसतात, आणि त्यावरून वाढीचे संप्रेरक कोणत्या बाजूला जास्त जायचे ते ठरते. डार्विनच्याही आधी, १८०६ मध्ये, थॉमस नाइट या इंग्रज बागाईतदाराने ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या होत्या. चाक वेगाने फिरत राहिले तेव्हा मुळे बाहेरच्या बाजूला आणि कोंब आसाच्या दिशेने वाढले. तुमच्या गावात बारमाही ओढा असेल तर हा खटाटोप करून पाहण्यासारखा आहे.

आता मुळाऐवजी कोंब पाहू. मातीच्या कुंडीत किंवा नारळाच्या करवंटीत वाल लावा. रोप वीतभर झाले की कुंडीखाली एका बाजूला दगड सरकवून ती तिरकी करा. दुसऱ्या दिवशी शेंडा पुन्हा सरळ उभा राहिलेला दिसेल. पण खालचे खोड तिरके ते तिरकेच. तीन दिवसांनी आणखी एक दगड सरकवा. असे तीन-चार वेळा केले की रोपाच्या बुंध्याला आकड्यासारखा बाक येतो. रोज त्याचे चित्र वहीत काढा आणि शेजारी तारीख घाला. तिरकी न केलेली एक कुंडी तुलनेसाठी शेजारी ठेवायला विसरू नका, आणि दोन्ही कुंड्यांना उजेड सारख्याच बाजूने मिळू द्या. नाहीतर रोप उजेडाकडे वाकले की जमिनीच्या ओढीमुळे वळले, हे सांगता येणार नाही.

हा बाक नीट लक्षात ठेवा. डोंगराच्या उतारावरची माती वर्षानुवर्षे अगदी सावकाश खाली सरकत असते. तिच्याबरोबर झाडाचा बुंधा कलतो, शेंडा मात्र दर वर्षी उभा राहायला धडपडतो. म्हणून काही उतारांवर झाडांची खोडे बुंध्याशी वाकलेली आणि वर सरळ अशी दिसतात. तुमच्या कुंडीने चार आठवड्यांत जे केले तेच उताराने तीस वर्षांत केलेले असते. अर्थात एकच वाकडे झाड पाहून घाबरून जाऊ नका. गुरांनी लहानपणी मोडलेले, सावलीतून उजेडाकडे झुकलेले झाडही वाकडे असते. एका पट्ट्यातली पुष्कळ झाडे एकाच दिशेला, उताराच्या बाजूला वाकलेली असतील, तर मात्र तिथली माती चालते आहे असा संशय घ्यायला जागा आहे.

गुरुवार, दि. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी पडून माणसे दगावली. त्याआधी जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातल्याच जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते. अशी बातमी आली की आपण सहज बोलून जातो, ‘झाडे तोडली म्हणून डोंगर आला, झाडे लावा, दरड थांबेल.’ यात खरे किती आणि अपुरे किती, हे घरच्या अंगणात तपासून पाहता येते. त्यासाठी उतारावर जायची मुळीच गरज नाही. पावसाळ्यात तर जाऊच नका.

आंब्याच्या जुन्या पेटीच्या फळ्यांपासून ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि चार बोटे खोल अशी तीन उथळ खोकी करा. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरा. प्रत्येक खोक्याच्या एका आखूड बाजूला खाच पाडून तिथे पत्र्याची लहान पन्हळ बसवा. एकाच ठिकाणची माती चाळून तिन्हींत सारख्याच वजनाची भरा. पहिल्यात दाट नाचणी पेरा आणि तीन आठवडे वाढू द्या. दुसऱ्यात मातीवर वाळलेला पालापाचोळा पसरा. तिसरे उघडेच ठेवा. मात्र पाणी तिन्हींना रोज सारखे शिंपडा. नाचणी मुद्दाम सांगितली आहे. कोकणात वरकस जमिनीवर, म्हणजे डोंगरउतारावर, तीच पिकते आणि तिची तंतुमय मुळे मातीत जाळे विणतात.

आता प्रत्येक खोक्याच्या मागच्या कडेखाली एकेक वीट ठेवा. एका डब्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडा आणि हातभर उंचीवरून एक लिटर पाण्याचा ‘पाऊस’ पाडा. पन्हळीतून येणारे पाणी तीन सारख्या बाटल्यांत धरा आणि रात्रभर निवू द्या. सकाळी तळाशी बसलेल्या गाळाची उंची पट्टीने मोजा. उघड्या मातीची बाटली बहुधा सर्वांत गढूळ असेल. गंमत पालापाचोळ्याच्या बाटलीत आहे. तिथे एकही मूळ नसताना गाळ पुष्कळच कमी आलेला दिसेल. म्हणजे माती वाहून जाण्यात थेंबाच्या माराचाही मोठा वाटा आहे. मग नाचणीच्या खोक्यात माती धरली ती मुळांनी की पानांनी? कात्रीने नाचणी मातीलगत कापून टाका, मुळे आत राहू द्या, आणि पुन्हा एक लिटर पाणी घाला. ज्याला कारण शोधायचे आहे त्याने दोन कारणे अशी एकमेकांपासून सोडवून पाहिलीच पाहिजेत. सगळे किमान तीनदा करा. एकदाच केलेल्या प्रयोगावर माझा विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका.

आपला एक लिटर पाऊस म्हणजे किती, याचाही हिशेब करू. खोक्याचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर. त्यावर एक लिटर म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर पाऊस झाला. तळीयेची दरड पडली त्या दिवसांत, पोलादपूरच्या डोक्यावर असलेल्या महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. आपल्या खोक्यावर तेवढा पाऊस पाडायचा तर ३५ लिटरांहून अधिक पाणी ओतावे लागेल!

एवढे पाणी मुरले की काय होते ते दाखवणारा प्रयोग पुढचा. नाचणीची आणखी दोन खोकी तयार ठेवा. तीन आठवड्यांनी मुळांनी बांधलेला मातीचा थर घोंगडीसारखा अखंड उचलता येतो. एक थर ओलसर असतानाच जेवणाच्या पाटावर ठेवा. दुसरा थर दुसऱ्या पाटावर ठेवून त्याला हळूहळू, पाणी वर साचू लागेपर्यंत, भिजवा. आता पाटाची एक बाजू सावकाश उचला आणि थर निसटतो तो कोन कोनमापकाने मोजा. भिजलेला थर बहुधा बऱ्याच कमी कोनात निसटेल. आणि तो फुटून सांडत नाही. मुळे, पाने, माती सगळे एकत्र, जसेच्या तसे खाली येते. मुळांनी माती एकमेकींशी घट्ट धरलेली असते, पण पाटाला धरलेले नसते.

हे पाण्याच्या वजनामुळे झाले, असे तुम्ही म्हणाल. थांबा. कोरड्या पाटावर एक वीट ठेवा आणि ती घसरते तो कोन मोजा. मग विटेवर दुसरी वीट ठेवून मोजा. कोन जवळजवळ तोच येईल, कारण वजन वाढले की खाली ओढणारा जोर वाढतो तसा पाटावर दाबणारा जोरही वाढतो. नुसत्या वजनाने सगळे उलगडत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ते पाणी कणांना एकमेकांपासून आणि खालच्या पाटापासून उचलून धरते. घर्षण कमी होते आणि थर सुटतो. सह्याद्रीत खाली काळा कातळ, त्यावर झिजलेला मुरूम आणि वर माती अशी रचना पुष्कळ ठिकाणी आहे. सुटणारी पातळी मुळांच्याही खाली असेल तर वरचे रान कितीही दाट असो, ते मातीबरोबरच येते. झाडांनी रोजची धूप थांबते, उथळ माती बांधली जाते, हे खरे. झाडे आहेत म्हणून वाडी सुरक्षित आहे, हे मात्र खरे नाही. तुमचा पाट म्हणजे डोंगर नव्हे, हेही खरे; पण कोणती समजूत अपुरी आहे एवढे तो नक्की सांगतो.

म्हणूनच डोंगराखाली राहणाऱ्यांनी झाडांबरोबर इतर खुणांकडेही पाहायचे असते. जमिनीला नव्या भेगा पडणे, भिंती तडकणे, खांब आणि झाडे अचानक कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नवा झरा फुटणे किंवा वाहता झरा आटणे. मुसळधार पावसात यांतले काही दिसले तर प्रयोगवही घरीच टाकून मोठ्यांना सांगा आणि तिथून बाहेर पडा.

पाणी मातीत शिरते कुठून? याच्या शोधात निघालात की तुम्हांला किडे भेटतील. दोन्ही बाजूंनी उघडा केलेला एक पत्र्याचा डबा सपाट जमिनीत तीन बोटे रोवा, त्यात अर्धा लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजा. शाळेच्या तुडवलेल्या मैदानावर, आंब्याच्या झाडाखाली आणि मुंग्यांची किंवा वाळवीची बारीक छिद्रे दिसतात अशा जागी मोजा (भर वारुळावर नको, मुंग्याही चावतील आणि वारुळात साप असू शकतो). छिद्रांच्या जागी पाणी झटकन मुरते असे तुम्हांला आढळेल. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखात शास्त्रज्ञांनी गव्हाच्या काही वाफ्यांतल्या मुंग्या-वाळवी काढून टाकल्या आणि काहींत राहू दिल्या. राहू दिलेल्या वाफ्यांत ३६ टक्के अधिक गहू आला, असे त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले. पाणी जास्त मुरले, हे त्याचे एक मोठे कारण होते. आपल्याकडच्या धो धो पावसाच्या उतारावर मुरलेले पाणी वरची धूप वाचवते आणि खालच्या पोकळ्याही भरते. त्यात हित किती नि धोका किती, हे त्या त्या उतारावर अवलंबून आहे.

सगळेच किडे मातीचे मित्र नव्हेत. गवताचा किंवा नाचणीचा एखादा ठोंब पाणी असून पिवळा पडला आणि ओढताच अलगद हातात आला, तर खाली खणून पाहा. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, पांढुरकी, तपकिरी डोक्याची अळी सापडली तर ती हुमणी. ती मुळे कुरतडते. तिच्यापासून होणारे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात आणि कडुनिंब, बोर, बाभळीवर जमतात. दिव्याखाली किती पडले ते रोज मोजा, म्हणजे ते कोणत्या पावसानंतर निघाले हे तुमच्या वहीतच सापडेल.

पावसाळा ओसरला की शेवटचा प्रयोग. प्लॅस्टिकचे तीन पेले जमिनीत असे पुरा की त्यांची कड मातीच्या पातळीत येईल: एक झाडाखाली, एक नाचणीच्या शेतात, एक उघड्या मातीत. प्रत्येकावर चार खड्यांवर टेकवलेली चपटी कौलाची खापरी ठेवा. आत काहीही ओतू नका. रोज सकाळी आत पडलेले जीव मोजा, पण हात घालू नका. विंचूही पडलेला असू शकतो. सहा पायांचे ते कीटक. आठ पायांचा कोळी, पुष्कळ पायांची गोम आणि वाणी यांच्यासाठी वहीत वेगळा रकाना करा. सात दिवसांचे आकडे झाले की सगळे जीव जिथले तिथे सोडून द्या, पेले काढा आणि खड्डे मातीने बुजवून टाका. उघडे राहिले तर रात्री बेडकाची पिल्ले त्यांत पडतात.